हात थांबविण्याची विद्या

शाळेचा वर्ग आणि देवळाचा चौक ही दोन्ही स्थळे आम्ही आयुष्यभर जवळून पाहिली. फोंडा तालुक्यातील, जुन्या मंडळींच्या भाषेत अंत्रुज महालातील, प्राथमिक मराठी शाळांतून आम्ही पस्तीस वर्षे शिकविले. आणि त्याच मुलखात जन्म गेल्यामुळे देवळांतील उत्सव, पालख्या, भजने व आरत्या यांत लहानपणापासून वावरलो. परंतु या दोन स्थळांपैकी एकाने दुसऱ्याला काही शिकवावे असे असू शकते, हे ध्यानात यावयास नोकरीची पाच वर्षे जावी लागली, आणि त्यापायी एका नऊ वर्षांच्या मुलाच्या तळहातांवर वळ उठले. ती हकिकत आम्ही आजवर कोठे लिहिली नाही. सांगण्यासारखे भूषण तीत काहीच नाही. तथापि मुलांचा संयम व वर्गातील शिस्त या विषयावर पालक, तरुण शिक्षक आणि देवस्थानांच्या समित्यांवरील मंडळी हल्ली आम्हांस वारंवार विचारतात. त्यांस खरे उत्तर द्यावयाचे तर ती हकिकत वगळता येत नाही. म्हणून आरंभीच सांगतो.

१९७९ सालच्या पावसाळ्यात आमच्याकडे चौथीचा वर्ग होता. मुले ४१. खोली कौलारू, सर जोराची आली म्हणजे शेजारच्याचेही बोलणे ऐकू येऊ नये अशी. एका सोमवारी आम्ही मुलांना एका तांडेलाची गोष्ट सांगावयास घेतली, आणि होडी वादळात सापडते तेथे आणून ती थांबविली. 'उद्या दिवसभर गडबड न करता बसलात, तर उरलेली गोष्ट शेवटच्या तासाला सांगू,' असे आम्ही कबूल केले. मंगळवारी मुले बसली. एकमेकांस खुणेने गप्प करीत, तोंडावर हात ठेवीत, हसू आले तर पाटीआड दडवीत ती बसली. शेवटच्या तासाला मुख्याध्यापकांनी आम्हांस कसले तरी तक्ते भरावयास बोलाविले. ते भरून झाले तेव्हा शाळा सुटली होती. गोष्ट राहिली, आणि खरे सांगावयाचे तर ती राहिली याचे आम्हांस स्मरणही राहिले नाही.

बुधवारी सकाळपासून वर्ग हाताबाहेर गेला. एक बाजू शांत करावी तर दुसरी उसळे. आम्ही चिडून म्हणालो, 'काल कसे शहाण्यासारखे बसला होता! आज काय झाले तुम्हांला?' त्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. हा मुलगा आमच्या लेखी वर्गातील सर्वांत चळवळ्या. पाच मिनिटे एका जागी बसेल तर शपथ. तो घरच्या कोकणीत, अगदी साध्या आवाजात म्हणाला, 'मास्तर, काल तुमी आमकां फटयले.'

काल तुम्ही आम्हांला फसविले. शब्द चार, आणि चारही खरे. आमच्या हातात शिंपटी होती. त्या काळी ती प्रत्येक मास्तराच्या हातात असे, आणि मुलांना मारू नये असे गावात कोणाला वाटत नसे. आम्ही त्याला पुढे बोलावून दोन्ही तळहातांवर दोन दोन ओढल्या. तो रडला नाही. मुठी मिटून जागेवर जाऊन बसला. वर्गात इतकी शांतता पसरली की वळचणीचे पाणी ऐकू येऊ लागले. त्या शांततेचा आम्हांस त्या दिवशी अभिमान वाटला, ही या हकिकतीतील सर्वांत लाजिरवाणी गोष्ट होय.

ती शांतता दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या तासापर्यंतही टिकली नाही. टिकले ते एवढेच की त्या मुलाने वर्गात बोलणे सोडले. प्रश्न विचारला तर उभा राही आणि खाली पाही.

पुढे काही आठवड्यांनी चवथ आली. आमच्या गावच्या देवळाच्या अग्रशाळेत त्या वर्षी गणपती बसविला होता, आणि रात्री घुमटाच्या आरत्या होत. गोव्याबाहेरील वाचकांसाठी सांगावयास हवे, की घुमट म्हणजे मातीचा, दोन तोंडांचा घट. एका मोठ्या तोंडावर चामडे ताणलेले असते, दुसरे लहान तोंड उघडे असते. एका हाताने चामड्यावर वाजवावयाचे आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याने लहान तोंड झाकीत-उघडीत नाद घडवावयाचा. सोबत दोन काठ्यांनी वाजणारे समेळ आणि काशाची कांसाळी. आवाज असा की छाती हादरावी. पण त्यात एक हात चुकीच्या जागी पडला तर साऱ्यांच्या ध्यानात येतो.

त्या रात्री घुमटे दोन होती आणि वाजविणारी मुले पाच; म्हणून पाळी लावलेली होती. पाचांत आमचा तो चळवळ्या मुलगा होता. त्याचा आजोबा समेळावर बसला होता. मुलाची पाळी येण्यास चांगला पाऊण तास लागला असेल. आम्ही भिंतीशी बसून त्याच्याकडे पाहत होतो, आणि आमचा आमच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. तो मांडी घालून बसला होता. हाताची बोटे गुडघ्यावर ठेका धरीत होती. ओठ आरतीबरोबर हलत होते. दृष्टी आजोबांच्या काठ्यांवर होती. पाळी आली तेव्हा घुमट मांडीवर घेऊन तो पहिल्या ठोक्याला बरोबर मिळाला. मध्येच लय वाढली, तेथे त्याचा हात चुकला. आजोबांनी नुसते त्याच्याकडे पाहिले. मुलाने हात उचलला, चामड्यावर अधांतरी धरला, एक संपूर्ण आवर्तन ऐकून घेतले, आणि पुढच्या समेवर पुन्हा मिळाला. कोणी रागावले नाही, कोणी हसले नाही, आरती थांबली नाही.

प्रसाद घेताना आम्ही त्या वृद्धांना म्हणालो, 'बाबा, शाळेत हा पाच मिनिटे बसत नाही. येथे एवढा वेळ थांबावयास तुम्ही याला शिकविले तरी कसे?' त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, 'हांवें ताका रावूंक शिकोवंक ना, मास्तर. आयकूंक शिकयलां.' आपण त्याला थांबावयास शिकविलेच नाही, ऐकावयास शिकविले, असे त्यांचे म्हणणे.

त्या रात्री घरी जाताना आम्ही मनाशी हिशेब मांडला. तोच मुलगा, तीच चंचल प्रकृती. मग शाळेत नाही तो संयम देवळात आला कोठून? एक तर त्याला ठाऊक होते, की पाळी नक्की येणार. ती कोणी विसरणार नाही. दुसरे, थांबण्याच्या काळात त्याचे मन रिकामे नव्हते. बोटांना ठेका होता, ओठांना शब्द होते, डोळ्यांना आजोबांच्या काठ्या होत्या. तिसरे, चूक झाल्यावर परत येण्याची वाट त्याला माहीत होती. आणि चौथे, ज्याच्याकडे तो पाहत होता तो माणूस स्वतः लयीत होता. आमच्या वर्गात या चारांपैकी एकही गोष्ट नव्हती. आमचा शब्द मोडत असे. थांबणाऱ्या मुलाला आम्ही नुसते 'गप्प बस' म्हणत असू. चुकला की वर्गाबाहेर किंवा शिंपटीखाली, मध्ये तिसरी जागा नव्हती. आणि आमचा स्वतःचा हात आमच्या ताब्यात नव्हता, हे तर सर्वांनी पाहिलेच होते.

चवथीच्या सुटीनंतर शाळा उघडली त्या दिवशी आम्ही वर्गासमोर उभे राहून त्या मुलाचे म्हणणे खरे होते असे सांगितले. 'शब्द आम्ही मोडला आणि मार त्याने खाल्ला. हे चुकले,' एवढेच बोललो. यास धैर्य लागले असे म्हणण्याचा आमचा उद्देश नाही. आदल्या रात्री दोनदा बेत रहित केला होता. मग तांडेलाची गोष्ट शेवटापर्यंत सांगितली. मुलांनी ती निमूटपणे ऐकली, परंतु वर्ग त्या दिवसापासून सुधारला असे काही झाले नाही. विश्वास एका गोष्टीने परत येत नाही. त्यास ते वर्ष आणि पुढील वर्षाचाही काही भाग लागला.

त्या काळात आम्ही जे केले ते थोडक्यात लिहितो, कारण ते कोणत्याही शिक्षकास करता येण्याजोगे आहे. फळ्याचा उजवा कोपरा आम्ही दिलेल्या शब्दांसाठी राखून ठेविला. 'शुक्रवारी नदीवर नेणे', 'उद्या वह्या परत देणे', असे जे जे कबूल करू ते तेथे मुलांपैकीच एकाने लिहावे, आणि पुरे झाले की त्यानेच पुसावे. पहिल्या महिन्यात तो कोपरा भरून गेला. तेव्हा कळले, की आपण दिवसाकाठी किती हलकेपणाने शब्द देतो. मग आम्ही शब्द कमी देऊ लागलो आणि दिलेले पाळू लागलो. पुढे मुलेही आपले शब्द त्या कोपऱ्यात लिहू लागली.

दुसरे म्हणजे, वर्गातील गोंधळाचे मूळ शोधू लागलो तेव्हा त्यातील बराचसा आमचाच निघाला. गणित सोडवून झाले की ४१ मुलांनी पाट्या घेऊन आमच्यापुढे रांग करावी असा परिपाठ होता. शेवटच्या मुलाची पाटी तपासून होईतो पहिली वीस मुले मोकळी. मोकळ्या मुलाने ढकलाढकली करू नये तर काय करावे? आम्ही रांग मोडली. मुलांनी जोडीजोडीने एकमेकांच्या पाट्या तपासाव्या आणि आम्ही बाकांमधून हिंडावे असे ठरविले. ज्याचे आधी होईल त्याने पुढील उदाहरण स्वतः रचून शेजाऱ्यास घालावे. संयम शिकविण्यापूर्वी निष्कारण वाट पाहावयास लावणे बंद करावे, हा धडा आम्हांस फार उशिरा मिळाला.

तिसरा उपाय सर्वस्वी त्या आजोबांचा. एखादे मूल भडकले, ओरडले, कोणावर धावून गेले, तर त्यास शिक्षा न करता आम्ही म्हणत असू, 'हात थांबव. एक आवर्तन ऐक.' त्याने हातातील वस्तू खाली ठेवावी, हात मांडीवर घ्यावे, वर्गात काय चालले आहे ते ऐकावे, आणि आपणास मिळता येईल असे वाटले म्हणजे आपण होऊन मिळावे. केव्हा मिळावयाचे हे आम्ही ठरवीत नसू. या शेवटच्या गोष्टीवर आम्ही विशेष भर देतो. दुसऱ्याने 'आता बस' म्हटल्यावर बसणे ही आज्ञाधारकता झाली. 'आता मी सावरलो' हे ज्याचे त्याला कळणे, हा संयमाचा आरंभ होय. पहिल्या दिवसांत काही मुलांनी याची सोंगे केली. काही तर अर्धा तास मुद्दाम 'ऐकत' बसली. आम्ही काही बोललो नाही. खेळ रंगात आला की तीही मिळत.

चौथा उपाय शांततेचा. रोज सकाळी अर्धे मिनिट डोळे मिटून बसावे आणि किती आवाज ऐकू आले ते मग सांगावे. कावळा, पाटाचे पाणी, दूरची मोटार, देवळातील घंटा, शेजाऱ्याचा श्वास. अर्ध्या मिनिटाचे एक झाले, दिवाळीनंतर दोन झाले. वर्षअखेरीस चार मिनिटांपर्यंत पोचलो, त्यापुढे गेलो नाही. जाण्याची गरजही नव्हती. मात्र हा खेळ पहिल्या दिवशी कोणी घेऊ नये. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिराचे गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांचे 'दिवास्वप्न' हे मूळ गुजराती पुस्तक वडोदरे-इंदूरकडील अनेक वाचकांस परिचित असेल. त्यातील शिक्षक पहिल्याच दिवशी मोठ्या हौसेने शांततेचा खेळ घेतो आणि तो पार फसतो. मुले हसतात, ओरडतात. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगू लागतो, आणि तीच मुले आपण होऊन ऐकू लागतात. आम्ही ते पुस्तक पुष्कळ उशिरा वाचले. आधी वाचले असते तर कदाचित तो बुधवार टळता.

निवृत्तीनंतर वाचनास सवड मिळाली तेव्हा समजले, की विलायती पंडितही याच प्रश्नाशी झटत होते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाने साधारण १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंत एक प्रयोग केला. मुलापुढे मिठाई ठेवावयाची आणि सांगावयाचे, की आता खाल्लीस तर एवढीच, मी परत येईतो थांबलास तर अधिक. जी मुले मिठाईकडे टक लावून बसली त्यांचा धीर लवकर सुटला. जी गाणे म्हणू लागली, डोळे झाकून बसली, दुसऱ्याच गोष्टीचा विचार करू लागली, ती अधिक वेळ थांबली. गुडघ्यावरचा तो ठेका आम्हांस आठवला. संयम म्हणजे दात-ओठ खाऊन मनाला दाबणे असे आपण समजतो. प्रत्यक्षात मनाला दुसरीकडे नेण्याची ती एक युक्ती आहे, आणि युक्ती शिकविता येते.

परंतु आम्हांस अधिक चटका लावून गेला तो दुसरा प्रयोग. रोचेस्टर विद्यापीठातील सेलेस्ट किड व त्यांचे सहकारी यांनी तो २०१३ साली प्रसिद्ध केला. मुले अवघी २८ होती. मिठाई ठेवण्यापूर्वी त्यांतील निम्म्या मुलांना चित्रांचे चांगले साहित्य आणून देतो असे सांगून ते आणून दिले; उरलेल्या निम्म्यांना तसाच शब्द देऊन तो मोडला. मग मिठाईची परीक्षा झाली. ज्यांच्याशी शब्द पाळला गेला ती मुले सरासरी सुमारे १२ मिनिटे थांबली; ज्यांच्याशी मोडला गेला ती सुमारे ३ मिनिटे. प्रयोग लहान आहे, त्यावरून फार मोठे सिद्धान्त काढू नयेत. तथापि आम्हांस तो वाचताना असे वाटले, की आमच्या चौथीच्या वर्गाचा मंगळवार आणि बुधवार कोणी दोन ओळींत लिहून ठेविला आहे. ज्याचा शब्द खरा नाही त्याच्यासाठी थांबणे हा शहाणपणा नव्हे, हे मुलांना कळते. बुधवारी वर्गाचा संयम सुटला असे आम्ही समजलो. वास्तविक मुलांनी आमची परीक्षा घेऊन निकाल लावला होता.

येथे एक कबुली आणखी दिली पाहिजे. वरील उपायांनी सर्व मुले सावरली असे नाही. एक मुलगा होता, त्याला ना गोष्टीने धरून ठेविले ना आवर्तनाने. दहा वाजले की तो सैरभैर होई, शेजाऱ्याची वस्तू ओढी, कारणाशिवाय रडे. पुष्कळ दिवसांनी कळले, की तो सकाळची पेज न घेताच शाळेत येतो, घरात नसतेच. भुकेल्या मुलाकडे संयम मागणे हे, ज्याच्या तिजोरीत काही नाही त्याच्याकडे कर्ज मागण्यासारखे आहे. पुढे शेजारच्या एका गृहिणीने त्याच्यासाठी वाटीभर पेज ठेवावयास आरंभ केला आणि त्याचे निम्मे वेड त्या वाटीत विरघळले. २०१८ साली टायलर वॉट्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊशेहून अधिक मुलांच्या नोंदी तपासून दाखविले, की लहानपणी थांबू शकणे आणि पुढील यश यांचा जो संबंध पूर्वी फार मोठा मानला गेला, तो घरची परिस्थिती व इतर गोष्टी ध्यानात घेतल्यावर बराच लहान उरतो. म्हणून जे मूल थांबू शकत नाही त्याचा स्वभाव वाईट असा निवाडा करण्यापूर्वी त्याच्या घरची चूल एकदा पाहून यावी.

आपल्या परंपरेत मनोनिग्रहाची चर्चा थोडी नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन मनाच्या चंचलतेची तक्रार करतो, ते वाऱ्यासारखे आवरण्यास कठीण आहे म्हणतो. श्रीकृष्ण ती तक्रार खोटी ठरवीत नाहीत. मान्य करतात, आणि मग अभ्यास व वैराग्य हे उपाय सांगतात. कुरुक्षेत्रावरील महारथी आपले मन आवरत नाही असे म्हणतो, तेथे नऊ वर्षांच्या मुलाने ते एका दटावणीत आवरावे अशी अपेक्षा आम्ही करीत होतो! लहानांपाशी वैराग्याची भाषा बोलू नये. त्यांच्या वाट्याचा तो अभ्यासच. अभ्यास म्हणजे पुन्हा पुन्हा करणे, आणि पुन्हा पुन्हा करावयाचे म्हणजे पुन्हा पुन्हा चुकणे आलेच. समर्थांनी मनाच्या श्लोकांत मनाला उपदेश केला तो त्यास सज्जन अशी हाक मारून. आम्ही मात्र वर्गातील मुलांना प्रथम 'द्वाड' म्हणत असू आणि मग त्यांनी सज्जन व्हावे अशी इच्छा करीत असू.

शिंपटीचे पुढे काय झाले, असे कोणी विचारील. ती आम्ही लगेच टाकली नाही. दोन वर्षे ती कपाटात होती, आणि कपाटात आहे हे मुलांना ठाऊक होते. एके दिवशी कपाट आवरताना ती वाळवीने खाल्लेली सापडली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मुलांना शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास देण्यास बंदी केली, आणि तो कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. बंदी योग्यच झाली. परंतु शिंपटी काढून घेतल्यावर शिक्षकाच्या हातात दुसरे काय दिले, हा प्रश्न उरतोच. काही वर्गांत आज शिंपटीची जागा उपहासाने घेतली आहे, काहींत गुणांच्या भीतीने. वळ दिसत नाहीत एवढाच फरक.

आता ज्या देवस्थानांच्या मंडळींनी हा विषय काढला त्यांस दोन शब्द. मुले आरतीला बसत नाहीत, हातातील मोबाईल सोडत नाहीत, अशी आपली तक्रार असते. गेल्या वर्षी एका देवळात आम्ही आरतीच्या वेळी चौकात बसलो होतो. मुलांना मोबाईल ठेवावयास सांगणाऱ्या एका सद्गृहस्थांनी सबंध आरतीचे चित्रण आपल्या मोबाईलवर केले. मुले त्यांच्याकडे पाहत होती. मुले नेहमीच आपल्याकडे पाहत असतात. समेळ कोण वाजवीत आहे हे त्यांना आपल्यापेक्षा अधिक चांगले समजते. आरती, भजन, पालखीसोबतचे पेणे, सप्ताहातील पार, या साऱ्यांत थांबणे, ऐकणे, पाळी घेणे व चुकल्यावर परत मिळणे यांचा अभ्यास आहे. शाळेला वेळापत्रक असते. देवळाला हा अभ्यास वर्षानुवर्षे करून घेण्याची सवड आहे. मुलांना चौकात नुसते बसवू नये. त्यांच्या हातात कांसाळे द्यावे, पाळी सांगावी, आणि सांगितलेली पाळी विसरू नये.

परवाच्या चवथीला आम्ही त्याच अग्रशाळेत गेलो होतो. समेळावर आता तो आमचा चळवळ्या विद्यार्थी बसतो. केस पिकले आहेत, चष्मा लागला आहे. त्याच्या पुढ्यात सात-आठ वर्षांचा एक मुलगा घुमट घेऊन बसला होता. लय वाढली तेथे त्या लहानग्याचा हात चुकला. याने काठ्या न थांबविता नुसते त्याच्याकडे पाहिले. मुलाने हात उचलला, आवर्तन ऐकले, आणि मिळाला.

आरती आटोपल्यावर तो पाया पडावयास आला. आमच्या मनात सेहेचाळीस वर्षे असलेला प्रश्न त्या रात्री ओठांवर आला. आम्ही विचारले, 'ती तांडेलाची काणी याद आसा?'

'आसा, मास्तर.' त्याने होडीचे नावसुद्धा सांगितले. आम्ही ते विसरलो होतो.

'आनी शिंपटी?'

तो क्षणभर थांबला. मग हसून म्हणाला, 'तीय याद आसा.'

त्याच्या हसण्यात राग नव्हता. परंतु त्याने 'ना' म्हटले नाही, याबद्दल आम्ही त्याचे आभारी आहोत. आम्ही शब्द मोडला तेव्हा तो खरे बोलला होता, आणि आज गोड खोटे बोलून आम्हांस मोकळे करणे सोपे असताही तो खरेच बोलला. इतका हात थांबविण्याची विद्या आम्ही त्याला शिकविली असे म्हणण्याचा आम्हांस अधिकार नाही. ती त्याने समेळाशी बसून घेतली, आणि तिच्यातील थोडी आम्ही त्याच्यापासून.